लाल सिग्नलपाशी थांबलेली गाडी

गुरुवार, रात्रीचे पावणेनऊ. रेल्वे कॉलनी, साहेबांचं घर, वरच्या मजल्यावरची खोली.

वेळ नीट ध्यानात ठेवा पोरांनो, पुढे सगळं तिच्यावरच येऊन अडतं. ज्याच्यावर हे गुदरलं तो कॉम्प्युटर दुरुस्तीवाला माझ्या रोजच्या बसण्याउठण्यातला. थापा मारणारा माणूस नाही.

साहेब म्हणजे कंट्रोल रूमचे साहेब. कुठली गाडी कधी सोडायची, कुठे थांबवायची, सगळं यांच्या हातात. महिन्यापूर्वी एक मालगाडी लाल सिग्नल ओलांडून उभ्या गाडीवर आदळली. ड्रायव्हर जागीच गेला. साहेबांनी चौकशीत सांगून टाकलं, "डुलकी लागली असेल त्याला." शुक्रवारी निकाल. दोष ड्रायव्हरच्या माथी बसला की त्याच्या बायकोचं क्वार्टरही जाणार, पेन्शनही जाणार. आणि दुरुस्तीवाला त्या ड्रायव्हरचा सख्खा धाकटा भाऊ! साहेबांना याचा पत्ता नव्हता. दुकानाच्या मालकाने धाडलं, हा गेला.

साहेब खुर्चीत पसरलेले. बोटं तेलकट, माऊस तेलकट, कीबोर्डच्या फटींत उष्टे कण आणि कुरतडलेली नखं. स्क्रीनवर रेल्वेचा जुना खेळ. रूळ टाकायचे, स्टेशनं बांधायची, माल वाहायचा, समोरच्या कंपनीला बुडवायचं.

"ही गाडी बघ. कालपासून लालपाशी ठाण मांडून बसलीय. मागे सगळ्या तुंबल्यात."

"पुढच्या रुळावर गाडी उभी आहे, साहेब. सिग्नल बरोबर आहे."

"अरे शहाण्या, सिग्नल झुगारून गाडी पुढे घालायचं बटण असतं! तेच चालत नाहीये."

"धडकेल ना मग. आत माणसं असतात."

"माणसं?" साहेब खो खो हसले. तोंडातला घास याच्या बाहीवर उडाला. "ठिपके आहेत रे ते! फुटली तर नवी घेऊ."

टेबलावरचा फोन वाजला. हात बरबटलेले, म्हणून साहेबांनी कोपराने स्पीकर चालू केला. नजर स्क्रीनवरच.

"साहेब... लाल आहे. थांबलोय."

भावाच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली पडला. दादाचा आवाज.

"साहेब... पुढे जाऊ?"

लाल ओलांडायचा तर ड्रायव्हरच्या हातात लेखी हुकूम लागतो. हे साहेब कागदाला हात लावत नसत. उशीर वाचवायला सगळं तोंडी, फोनवर. तीच सवय. मान न वळवता खेकसले, "किती वेळा सांगायचं रे तुला? असू दे लाल. घाल पुढे. मी बसलोय ना इथे!"

स्क्रीनवरची गाडी हलली.

हळूच...

धडकली.

मग फोनमधून वास आला. जळकं डिझेल... आणि त्याखाली मांसाचा.



साहेबांचा चेहरा राखेसारखा पांढरा पडला. पण किती वेळ? घोटभर पाणी प्यायले, बोटं शर्टाला पुसली आणि म्हणाले, "राँग नंबर. तुझे किती झाले?"

भावाला जिन्यात भडभडून ओकारी आली. भुताची भीती नंतर वाटली, म्हणाला. आधी वाटली ती या माणसाची किळस.

सकाळी त्याने चौकशी समितीला सगळं सांगितलं. एक सदस्य हसला, "मेलेल्याला साक्षीला बोलवायचं का आता?"

वहिनी उठून उभी राहिली. "माझ्या दिराला वेड्यात काढा, पण फोनची नोंद मागवा."

मागवली. गुरुवारी रात्री नऊला तीन मिनिटं कमी असताना साहेबांच्या घरी फोन आलेला. दादाच्या मोबाइलवरून.

निकाल लांबला. वहिनी अजून क्वार्टरमध्ये आहे. साहेबही अजून खुर्चीत आहेत, थू! त्या फोनवर काय बोललात, हे त्यांना अद्याप कुणी विचारलेलं नाही.

दादाचा मोबाइल अपघाताच्या जागीच सापडला होता, दोन तुकडे झालेला. तेव्हापासून तो समितीच्या कपाटात, मोहोरबंद पाकिटात होता. समितीने ते पाकीट सर्वांसमोर टेबलावर ठेवलं. पाकिटावरची लाख कुठेही तडकलेली नव्हती.