भट्टीवरचं घड्याळ

"उद्याच तलावावर जायचं! टायरची ट्यूब मी आणतो!" ढापण्या ओरडला. चष्मा नाकावरून घसरला तरी त्याला पर्वा नव्हती.

ठिणगीचं लक्षच नव्हतं. ती बेकरीच्या भिंतीकडे टक लावून बघत होती.

"ए, हे कधी आलं?"

भट्टीच्या वर एक नवंकोरं घड्याळ टिकटिकत होतं.

"घड्याळ आहे ते. चावत नाही!"

"अरे शहाण्या, आमच्या बेकरीत घड्याळ कधीच नव्हतं! आई वासावर पाव काढते. मागच्या अंगणात कपडे वाळत घालताना तिथूनच ओरडते, 'काढा रे, झाला!' आणि पाव झालेलाच असतो."

"आई आता ओरडत नाही," ठिणगीची धाकटी बहीण चिंगळी म्हणाली. "ती घड्याळ बघते."

"मोठ्यांच्या भानगडीत पडू नका! पाव खा!" मामा गल्ल्यावरून खेकसला. बेकरी बाबांची, कष्ट आईचे आणि तोंड मामाचं, असा तो कारभार होता. मामाने पावाचा तुकडा तोंडात टाकला. पाव खालून काळाकुट्ट होता. "फर्स्ट क्लास, ताई!"

आई हसली. ते हसू कुणीतरी चिकटवल्यासारखं होतं.

त्याच आठवड्यात चोऱ्या सुरू झाल्या आणि तलाव राहिला बाजूला. शेजारच्या ड्रायव्हरकाकांची तेलाची बाटली गेली. चांभाराची पॉलिशची डबी गेली. चिंगळीची कधीच न धुतलेली बाहुली गेली, ठिणगीच्या उशीचा अभ्रा गेला. आणि ढापण्याचे खेळाचे मोजे!

"तुझे मोजे?" ठिणगी म्हणाली. "तो चोर नाही, शूरवीर आहे!"

"हस, हस! पण बघ ना, एकही वस्तू किमतीची नाही."

"पण एकूण एक वासाची आहे," ठिणगी सावकाश म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी सापळा लावला. बेकरीच्या मागच्या ओट्यावर डांबराच्या गोळ्यांची पुडी ठेवली आणि खाली फरशीवर चाळणीने मैदा भुरभुरला. मग तिघं पिंपामागे दबा धरून बसली. बसून बसून चिंगळीला डुलकी लागली, ढापण्याच्या पायाला मुंग्या आल्या. ठिणगी पाणी प्यायला गेली आणि परत येते तोच, पुडी गायब!

"पकडलं का नाहीस?"

"चष्मा पुसत होतो गं!"

मैद्यात पावलं उमटली होती. ती थेट सामानाच्या कोठीकडे गेली होती. तिघं खिडकीखाली जाऊन उभी राहिली. ठिणगीने हळूच डोकं वर काढलं.

आत आई होती.

फळीवर सगळ्या चोरीच्या वस्तू ओळीने मांडल्या होत्या. आई डोळे मिटून एकेक उचलत होती, नाकाशी धरून खोल श्वास घेत होती आणि खाली ठेवत होती. तेल. पॉलिश. डांबराच्या गोळ्या. मोजेसुद्धा! शेवटी तिने ठिणगीचा अभ्रा उचलला आणि त्यात तोंड खुपसलं. कितीतरी वेळ.

"आई चोर आहे?" चिंगळी कुजबुजली.

तेवढ्यात खिडकीतून भपकन एक वास आला. गॅस! कोठीतल्या शेगडीची नळी मामाने सकाळीच बदलली होती. मामाचं काम, म्हणजे नळी नीट बसलीच नसणार!

आईने अभ्रा ठेवला. चहाचं भांडं शेगडीवर चढवलं. काडेपेटी उचलली.

"आई! काडी ओढू नकोस!"

ठिणगी खिडकीतून आत कोसळली, कोपर सोलवटलं, पण काडेपेटी तिने हिसकावलीच. ढापण्याने धावत जाऊन सिलिंडर बंद केला. चिंगळीने दार सताड उघडलं.

"गॅस सुटलाय! केवढा वास मारतोय!"

आई सगळ्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. "मला... मला काहीच आलं नाही गं," ती म्हणाली आणि पिठाच्या पोत्यावर मटकन बसली.

बाबा आले, मामा आला. आणि मग ते बाहेर आलं. हिवाळ्यातल्या तापात आईची वास घेण्याची शक्तीच गेली होती. ती परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं.

"लोकांना कळलं तर आपला पाव कोण घेईल?" बाबा म्हणाले. "म्हणून म्हटलं, बोलायचं नाही."

"आणि झालंय काय एवढं?" मामा म्हणाला. "तापातून जीव वाचला, आजही वाचला! वासच तर गेलाय! हस बघू, ताई."

आणि आई खरंच हसायला लागली. तेच चिकटवलेलं हसू. ठिणगीच्या डोक्यात तिडीक गेली.

"हसू नकोस! मामा, तुझी नळी आज आम्हा सगळ्यांना घेऊन गेली असती! आणि तू काळा पाव खाऊन फर्स्ट क्लास म्हणतोस! कुणी मेलं की चार माणसं येतात, शेजारी बसतात. आईचं एवढं मोठं गेलं, तिच्याजवळ कोण बसलं?"

"मोठ्यांशी बोलायची ही पद्धत?" मामा गरजला. बाबा मात्र दाराबाहेरच्या मैद्यात उमटलेल्या आईच्या पावलांकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेकरीच्या दारावर कागद झळकला:

'आमच्या आईची वास घेण्याची शक्ती कायमची गेली आहे. तिला फार वाईट वाटतं आहे. भेटायला या. जीव वाचला ना, असं म्हणणाऱ्यांनी येऊ नये.'

मामा फाडायला धावला. पण कागद मैद्याच्या खळीने चिकटवला होता. नखं तुटली, कागद हलला नाही.

"एक फाडशील रे मामा," ढापण्या लांबून ओरडला, "गल्लीत अजून सात आहेत!"

आधी चांभार आला. आईजवळ ओट्यावर बसला. मग ड्रायव्हरकाका आले.

"नजर अधू झाली आणि माझी बस गेली," ते आईला म्हणाले. "सगळे म्हणाले, बरं झालं, आता आराम करा. दोन वर्षं हसत होतो बघा. रात्री झोपेत गिअर टाकायचो." ते थांबले. "तुमचं काय काय गेलं?"

असं आईला कुणी विचारलंच नव्हतं.

"पाव," आई म्हणाली. "ओली माती. साबण." तिने ठिणगीला ओढून जवळ घेतलं आणि तिच्या केसांत नाक खुपसलं. "हे. दोघींच्या डोक्याचा वास. काही नाही. काहीच येत नाही!"

आणि ती सगळ्यांसमोर हमसून हमसून रडली. कुणी तिला गप्प केलं नाही. बाबा येऊन तिच्या शेजारी बसले. मामा कोपऱ्यात उभा राहून नखं बघत होता.

"आम्हा मोठ्यांना जे सुचलं नाही, ते तुम्ही केलंत रे पोरांनो," ड्रायव्हरकाका म्हणाले. "शाब्बास! आता माझी बाटली द्या."

एवढ्यात ठिणगीने नाक वर केलं.

"आई, काढ! झाला!"

घड्याळात अजून चार मिनिटं होती. आईने डोळे पुसले, उठली, ट्रे बाहेर ओढला.

"कसा झालाय?" तिने विचारलं. मामाने तोंड उघडलं, पण आई ठिणगीकडे बघत होती.

ठिणगीने पाव उलटा केला, वास घेतला.

"कडेला करपलाय."

"बरं," आई म्हणाली. "उद्या थोडं आधी सांग."