उंबरठ्यावरचं नववं बोट

ही ऐकीव गोष्ट नाही. उज्ज्वला माझ्या बायकोची मावसबहीण. सुरतेत, नवागामच्या तिच्या खोलीत, दोन वर्षांपूर्वी आखाजीच्या भर दुपारी जे घडलं, ते तिनं आमच्यासमोर बसून सांगितलं. पटलं तर बघा, नाही तर सोडून द्या. तिला मात्र सोडता येत नाही.

तिचा नवरा निंबा कापडाच्या लूमवर कामाला, मूळचा अमळनेरकडचा. लेक गायत्रीच्या आधी त्यांची दोन लेकरं पाळण्यातच गेली. शेजारणी म्हणायच्या, तुमचा कोणी पूर्वज तहानलेला राहतोय.

आम्ही खानदेशी लोक आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पूर्वजांसाठी घागर भरतो. एकेकाचं नाव घेत उंबरठ्यावर कुंकवाचं एकेक बोट उमटवतो. निंबाची गाडी दोन बोटांवर अडायची. बाप आणि आजा. पुढे सगळा अंधार.

चार वर्षांची गायत्री तरी हाताला लागावी, म्हणून त्यानं सुकलालला गाठलं. सुकलाल लोकांच्या वंशावळी शोधून देतो. मोडी वाचतो, तीर्थाच्या पुरोहितांच्या जुन्या वह्या धुंडाळतो.

“पहिले गावमा इचारा,” तो म्हणाला. “कोनलेच आठवत नही, कागद मोडीमा शे, तव्हय माले बलावा.”

निंबानं विचारून झालं होतं. गावात सांगणारं कोणी उरलं नव्हतं.

महिन्याभरानं सुकलाल यादी घेऊन आला. आठ नावं. आठवं नाव वहीत खोडलेलं होतं. शेजारी निंबाच्याच घराण्यातल्या कुणाच्या तरी हातचे दोन शब्द...

‘बोलवू नये.’

“लिही दिधं, पन तोंडमा लेऊ नका,” सुकलालनं बजावलं.

निंबाला वाटलं, हाच तो तहानलेला! बिचाऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या बाहेर ठेवलं. “एक बी नाव सोडानं नही,” तो म्हणाला. एकदा त्याच्या डोक्यात बसलं की बसलं.

उज्ज्वलाच्या मनात पाल चुकचुकली. पण दोन लेकरं गमावलेली बाई नको कुठल्या तोंडानं म्हणणार?

आखाजीची दुपार. नवी घागर भरली, वर खरबूज ठेवलं. निंबा नाव घ्यायचा, उज्ज्वला बोट उमटवायची. सात झाली.

“धुडकू.”

आठवं बोट टेकलं आणि...

लूमची खटखट थांबली.

नवागामात ती रात्रंदिवस चालते. लाइट गेली म्हणावी, तर डोक्यावर पंखा फिरत होता. निंबाचे ओठ हलत होते. आवाज येत नव्हता.

मग मागे, घागरीपाशी...

घट... घट... घट...

कुणीतरी पाणी पीत होतं.

तिला मान वळवता येईना.

एकाएकी खटखट पुन्हा सुरू झाली. ती घागरीकडे धावली. खरबूज जागचं हललं नव्हतं. घागर मात्र कोरडी होती.

तिनं उंबरठ्याकडे पाहिलं. आठ नावं घेतली होती.

बोटं नऊ होती.

नववं अजून ओलं होतं. आणि इवलंसं...

दाराशी उभ्या गायत्रीच्या बोटाला कुंकू होतं.

“तुम्हीन लिधं का गायत्रीनं नाव?” उज्ज्वला किंचाळली. निंबानं नाही म्हणून मान हलवली.

“त्या आबानी मनं नाव लिधं,” गायत्री म्हणाली. “मंग म्हने, बोट लाव.”

घरात आबा कुणीच नव्हता. मेलेल्यांच्या यादीत कुणीतरी जित्या लेकराचं नाव घेतलं होतं.

निंबानं सुकलालला फोन लावला.

“शोधी देनं मना काम शे, भाऊ. परत धाडानं माले येत नही.”

उंबरठा धुतला. उतारे झाले. शेवटी खोली बदलून ते कडोदऱ्याला गेले. सामान आत नेण्याआधीच नव्या उंबरठ्यावर ते इवलं बोट होतं.

गायत्री आता सहा वर्षांची आहे. दुपारी खेळता खेळता दाराकडे बघते आणि म्हणते, “थांबा, आबा.” तेवढा वेळ उज्ज्वलाला तिथल्याही लूमचा आवाज येत नाही. ती पोरीला पोटाशी घट्ट धरते. दुसरं काय करणार?

परवा तिचा फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता.

त्याच दुपारी गायत्री ‘थांबा’ म्हणाली नाही...

तिनं आईला विचारलं, “मनी चप्पल कोठे शे?”