चौकशीला आलेला माणूस

मांजरी गावात आमच्या इमारतीमागे अजून ऊस आहे. दुपारी त्याची सळसळ आमच्या मजल्यापर्यंत ऐकू येते. मी घरूनच काम करते. हडपसरच्या एका गुंतवणूक सल्लागाराला कंपन्यांची गुणोत्तरं लागतात. शेअरचा भाव कमाईच्या किती पट, पुस्तकी मूल्याच्या किती पट, वगैरे. माझा प्रोग्रॅम वेबसाइटवर जाऊन हे आकडे आपोआप उचलतो. एक पान उघडतो, जरा थांबतो, पुढच्या पानावर जातो. एखाद्या साइटनं अडवलं, तर ओळख बदलून दुसराच कुणी असल्यासारखा परत जातो.

त्या आठवड्यात मी छोट्या कंपन्यांची एक जुनी साइट घेतली होती. ती सारखी अडवायची. मग एका दुपारी अडवणं थांबलं आणि आकडे भराभर यायला लागले. मी खुशीत चहा टाकायला उठले, तर समोरच्या शालनताई दारात.

"रुमाना, तुमच्याकडं आलता का तो चौकशीवाला?"

"कसली चौकशी?"

"घरात कोण कोण हाय, वय काय, कमावतं कोण. लई मऊ बोलत होता. मी सांगून टाकलं सगळं."

"जनगणनेचे लोक असतील," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तो मला दाराच्या भिंगातून दिसला. पांढरा शर्ट, रिकामे हात. एका दाराशी विचारायचा, जरा थांबायचा, पुढच्या दाराशी जायचा. लिहून काहीच घेत नव्हता. कोपऱ्यातल्या फ्लॅटवाल्यांनी त्याच्या तोंडावर दार लावलं. तो जिना उतरला आणि लगेच वर आला. आता शर्ट निळा होता. चेहरा तोच. या वेळी त्यांनी दार उघडलं.

मी लॅपटॉपकडे वळून पाहिलं. साइटनं प्रोग्रॅमला पुन्हा अडवलं होतं आणि तो नव्या ओळखीनं नुकताच आत गेला होता. योगायोग, असं मी स्वतःला बजावलं.

संध्याकाळी शालनताई जिन्यात उभ्या होत्या. हातात भाजीची पिशवी, दार सताड उघडं.

"ताई, रंगनाथभाऊ आले नाहीत का अजून?" मी सहज विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कोण रंगनाथ?"

त्या थट्टा करत नव्हत्या. आतून त्यांचा नवरा, रंगनाथभाऊच, त्यांना हाका मारत होता आणि त्या आत जायला घाबरत होत्या.

मी धावत घरी आले. अब्बा खिडकीपाशी खुर्चीत बसले होते.

"अब्बा, आपल्याकडे कुणी आलं होतं?"

"हो. तू अंघोळीला गेली होतीस. भला माणूस. तुझ्या आईबद्दल विचारत होता."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"सगळंच." ते हसले. मग कपाळ चोळत राहिले. "तिचं नाव काय गं?"

अम्मी जाऊन सहा वर्षं झाली. रोज पहाटे फजरच्या नमाजानंतर ते तिच्यासाठी नाव घेऊन दुवा मागतात.

"मेहरुन," मी म्हणाले. त्यांनी ते नाव परक्या माणसाचं ऐकावं तसं ऐकलं.

मी प्रोग्रॅम बंद केला. वायफायची वायर उपटली. लॅपटॉप मिटून कपाटात टाकला.

बेल वाजली.

मी कडी घातली आणि दाराला पाठ लावून उभी राहिले. बेल पुन्हा वाजली नाही. पावलंही गेली नाहीत. बाहेर कुणीतरी नुसतं थांबलं होतं.

मग अब्बा बोलले. खुर्चीतूनच, अगदी अदबीनं.

"हो, मुलगी एकच."

ते थांबले. मान किंचित कलती केली, जणू पुढचं ऐकत होते.

"इथंच आहे. दारापाशी."

पुन्हा थांबले.

"नाही," ते हळू म्हणाले, "रडत नाहीये. तोंडावर हात धरलाय."

त्यांचे डोळे मिटलेले होते.