फाइलींनी जागा बदलली तेव्हा

लिफ्टचं दार मिटता मिटता एक ओली छत्री आत शिरली आणि तिच्या मागोमाग छत्रीचा मालक. कोपऱ्यात ती उभी होती — स्वतः चिंब भिजलेली, आणि अंगातला रेनकोट मात्र छातीशी धरलेल्या संगणकाच्या डब्याला गुंडाळलेला.

"बाळ... आजारी आहे का?" त्याने हळूच विचारलं.

एरवी तिने त्याला फाडून खाल्लं असतं. पण त्या आवाजात थट्टेपेक्षा काळजी जास्त होती.

"अपडेट बाधलं त्याला," ती म्हणाली, आणि रडता रडता हसली.

मग तिला राहवेना. ती भरतकामाची नक्षी संगणकावर आखायची, आणि त्या नक्षीवरून आत्याचं यंत्र कापडावर टाके घालायचं. नक्षीचं सॉफ्टवेअर इतकं जुनं, की नव्या संगणकावर ते चालायचंच नाही. म्हणून या नव्याच्या पोटात एक जुना संगणक थाटला होता — व्हर्च्युअल मशीन. सकाळी अपडेट झालं आणि पोटातला संगणक उठेचना. फाइल सापडत नाही म्हणे! नाट्यगृहाच्या पडद्याची अख्खी नक्षी आत अडकलेली, पडदा आठवड्याच्या शेवटी द्यायचा, आणि दुरुस्तीच्या दुकानाला नेमकं आजच कुलूप.

"बरं झालं. दुकानवाले आधी सगळं पुसून मोकळे होतात," तो म्हणाला. "फाइली कुठे जात नाहीत हो. पाहुणी येते, हौसेनं स्वयंपाकघर लावून जाते, आणि मग आपल्याला मीठ सापडत नाही... तसं झालंय."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"माझं कामच ते. पाहुणी गेली की मीठ शोधायचं."

चौथा मजला आला. तो तिथेच राहायचा. दार उघडलं, मिटलं... तो उतरला नाही.

तिच्या घरी खिडकीशी, दोऱ्यांच्या रिळांच्या गर्दीत, त्याने बैठक मारली. पहिल्या संध्याकाळी त्याने नुसती नक्कल काढून ठेवली, मूळ फाइलींना बोटही लावलं नाही. दुसऱ्या संध्याकाळी तो एकेक फाइल दाखवत समजावू लागला.

"काम पुढे गेलं की तुम्ही मशीन आहे तसं जपून ठेवायचात ना? त्यातला प्रत्येक टप्पा मागच्याचा हात धरून उभा असतो. अपडेटने त्यांना वेगवेगळ्या खोल्यांत नेऊन बसवलंय. आता हा याला शोधतोय."

"बिचारा."

"कोण?"

"शोधणारा..." ती म्हणाली, आणि उगाच एक रीळ उचलून गुंडाळू लागली.

पाऊस काचेवरून सावकाश ओघळत होता. तो संगणकाच्या पडद्याकडे बघत होता की त्यात पडलेल्या तिच्या प्रतिबिंबाकडे, कोण जाणे!

"हल्ली दुरुस्ती नुसत्या डोळ्यांनी करतात वाटतं?" आतून आत्याचा आवाज आला. दोघंही दचकले.

शेवटचा एक दुवा राहिला आणि त्याचा फोन वाजला. "ऑफिस!" म्हणत तो उठला. "उद्या येऊन जोडतो. अगदीच अडलं तर... कसं जोडायचं ते तुम्हाला दाखवलंच आहे."

सकाळी तिला धीर धरवेना. त्याने शिकवलं तसं तिने फाइलीला तिच्या सोबत्याची नवी जागा दाखवली, श्वास रोखला — आणि पोटातला संगणक डोळे चोळत जागा झाला! नक्षीतले चंदेरी पक्षी जिथल्या तिथे. आत्याने लगेच यंत्र सुरू केलं.

त्याला कळवायला तिने फोन उचलला... आणि ठेवून दिला. चालू झालं म्हटलं, तर तो येणार कशाला?

संध्याकाळी दाराची घंटा वाजली. तिने खुणेनं आत्याला यंत्र थांबवायला लावलं.

"काय म्हणतंय बाळ?"

"तसंच आहे..." तिची नजर जमिनीवर.

"थांबा. हलू नका." त्याने हात पुढे केला आणि तिच्या बटेत अडकलेला दोरा अलगद सोडवला. चंदेरी, नुकताच कापलेला. "पक्षी उडायला लागले वाटतं?"

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आत आत्याच्या हातून कात्री पडली.

"खोटं बोललात?"

"थोडंसं."

"का?"

"खरं सांगितलं असतं, तर तुम्ही आला नसतात."

तो दोरा बोटाभोवती गुंडाळत राहिला. मग म्हणाला, "तो दुवा मला कालच जोडता आला असता. पाच मिनिटांचं काम."

"पण तुमच्या ऑफिसचा फोन..."

"गजर होता. मीच लावलेला."

"अहो, माझा जीव टांगणीला लागला होता रात्रभर!"

"म्हणून तर तुम्हाला सगळं शिकवून गेलो. पडदा अडायला नको, आणि... जमलं तर मलाही आणखी एक संध्याकाळ मिळावी. चुकलंच माझं."

तिला रागवायचं होतं. हसूच फुटलं.

तो निघाला. जिन्याशी पोचून मागे वळला. "आता काहीच बिघडलेलं नाही... उद्या कुठल्या निमित्ताने येऊ?"

ती चौकटीला टेकली. खालून ओल्या मातीचा वास वर येत होता. 'या' म्हणायला ओठ उघडले, आणि भलतंच अक्षर बाहेर पडलं.

"ये."

त्याचा पाय पायरीवरच थबकला. "काय... काय म्हणालीस?"

"ऐकलंस की!" ती म्हणाली, आणि दार मात्र लावलं नाही.