टोपलीखालचे पट्टे

काळी घेऊ की पांढरी, हे मला गिऱ्हाईक रोज विचारतं. अलिबागच्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मी घर झाडण्या-पुसण्याच्या रोबो मशीन विकते. जमिनीवरून आपली आपण फिरतात, केर ओढतात, लादी पुसतात आणि काम झालं की चार्जिंगच्या स्टँडवर जाऊन बसतात, त्या. आमच्याकडे सगळ्यात महाग अशा दोन आहेत. त्यांची नावं लांबलचक इंग्रजी आहेत, म्हणून आम्ही एकीला काळी म्हणतो, दुसरीला पांढरी. दोघींची कुंडली मला तोंडपाठ आहे.

काळीला डोळे नाहीत. तिच्या डोक्यावर लेझर फिरतो. तो ज्याला आपटून परत येतो तेवढंच तिला कळतं. पांढरीला पुढे कॅमेरा आहे. चप्पल, वायर, मांजर, माणूस, सगळं ती ओळखते आणि मोबाइलवर चिन्ह काढून दाखवते. माणूस आडवा आला की थांबते आणि गोड आवाजात हिंदीत म्हणते, "सामने कोई है. कृपया रास्ता दीजिए." मी गिऱ्हाइकांना सांगायचे, कॅमेऱ्याला कमी उजेडात भास होतो, लेझरला होत नाही. जे नाही ते काळीला दिसत नाही. हे वाक्य मी आता बोलत नाही. का, ते सांगते. सांगताना दिवा मात्र लावून ठेवते, हसायचं तर हसा.

नागावला प्राप्तीचं होमस्टे आहे. नवं घर, चकचकीत लाद्या, मागे नारळाची वाडी. पाहुणे समुद्रावरून आले की घरभर वाळू. कुठली मशीन ती वाळू नीट उचलते ते बघायचं म्हणून तिने दोन्ही ट्रायलला मागवल्या होत्या. मीच लावून दिल्या. तिच्या सासूबाई, नीराबाई, दाराशी मशेरी घासत बसल्या होत्या. एवढ्या म्हाताऱ्या, पण हिराचा खराटा घेऊन रोजचं अंगण आणि केरसुणी घेऊन रोजचं घर त्यांचंच. पांढरी त्यांच्या पायाशी जाऊन थांबली, आणि म्हणाली तिचं ते ठरलेलं वाक्य.

"काय सांगते ती?" त्यांनी विचारलं.

"आजी, बाजूला व्हा म्हणते."

नीराबाईंनी मशेरीचं बोट तोंडातून काढलं. "तिला सांग, माझ्या घरान मी बाजूला न्हाय व्हायची." आणि केरसुणीच्या मुठीने तिच्या डोक्यावर टकटक केलं. आम्ही दोघी खूप हसलो. मला त्या आवडल्या. आमच्या मुरुडला माझी नानी अशीच होती.

पुढे काही दिवसांनी नीराबाई गेल्याचं कळलं. मग प्राप्तीचा मेसेज आला, दोन्ही मशीन घेऊन जा, आजच या. मी रिक्षा केली आणि दुपारी नागावला पोचले. पावसाळा सरत आला होता, तरी आभाळ गच्च होतं. वारा पडलेला. वाडीत झावळीसुद्धा हलत नव्हती.

घरात प्राप्ती एकटीच होती. डोळे सुजलेले. त्या दिवशी दहावा आहे हे मला तिथे गेल्यावर कळलं. तिचा नवरा विनेश आणि बाकीचे पुरुष पिंड ठेवायला समुद्रावर गेले होते, बायका शेजारच्या वाडीत स्वयंपाकाला.

"ताई, आज कशाला बोलावलंत?" मी म्हटलं. "मी नंतर आले असते."

"आजच जायला पाहिजेत," ती म्हणाली, आणि आवाज खाली आणून, "माजघराकडे जाऊ नका."

माजघराला दार नाही, नुसती चौकट. बाहेरून मला दिसलं, जमिनीवर एक वेताची टोपली पालथी घातलेली, शेजारी पणती. आमच्यात असं काही नसतं, म्हणून मी विचारलं. प्राप्तीने हळूहळू सांगितलं. माणूस ज्या जागी गेला तिथे तांदळाचं पीठ सारखं पसरायचं. वर टोपली घालायची. मंडळी समुद्रावरून आली की सगळ्यांसमोर उघडायची. पिठावर पाऊल उमटलेलं असतं. पाखराचं असलं तर पाखराचा जन्म, गाईचं असलं तर गाईचा. ज्याचं पाऊल, त्याच्यात तो जीव गेला.

"आणि काहीच नसलं तर?"

तिने पणतीकडे पाहिलं. "तर ते माणूस इथंच हाय."

मग तिला रडू फुटलं. सासूशी तिचं शेवटचं बोलणं भांडणाचं झालं होतं. म्हातारीने पांढरीला केरसुणीने उलटी केली, आणि ही रागाच्या भरात बोलून गेली, तुमच्यापेक्षा मशीन बरी, सांगितलं की बाजूला तरी होते. त्याच संध्याकाळी नीराबाई माजघरात कोसळल्या. "मला फक्त एवढंच बघायचंय ताई, की त्या सुटल्या. पीठ कोरं निघालं तर मी या घरात कशी राहू?"

मी तिला पाणी दिलं.  मग आपलं काम उरकून निघावं म्हणून मी मशीन बघायला घेतल्या. परत नेताना दोन्ही एकदा चालवून पाहाव्या लागतात, मोडतोड झाली तर दुकानात माझ्या नावाने शंख होतो. मोबाइलवर घराचा नकाशा उघडला, माजघरावर लाल रेघ मारली. ती रेघ मशीन ओलांडत नाही. आणि पांढरी सुरू केली.

ती स्टँडवरून उतरली, हॉलमध्ये एकदा वळली आणि सरळ माजघराच्या चौकटीपाशी जाऊन थांबली. लाल रेघेच्या अलीकडे.

"सामने कोई है. कृपया रास्ता दीजिए."

चौकटीत कोणी नव्हतं.

"भास होतो तिला," मी म्हटलं. "आभाळ आहे, उजेड कमी आहे." पण मोबाइलवर पाहिलं तर चौकटीच्या मधोमध माणसाचं चिन्ह आलं होतं. चप्पल नाही, मांजर नाही. माणूस. 

"सामने कोई है..."

"बंद करा ना तिला," प्राप्ती कुजबुजली.

मी बटण दाबलं. ती गप्प झाली, पण जागची हलली नाही. तेवढ्यात वीज गेली. पंखा थांबला तशी घरात एकही आवाज उरला नाही. तेव्हा मला तो वास आला. मशेरीचा. जळक्या तंबाखूचा, ओला, ताजा.

प्राप्तीलाही आला असणार. तिने माझं मनगट धरलं. "ताई... काळीला पाठवा."

"कशाला?"

"तुम्हीच म्हणाला होतात ना. जे न्हाय ते तिला दिसत न्हाय. मला कळू दे एकदा."

मला पाठवायची नव्हती. पण तिचं तोंड पाहून मला नाही म्हणवेना. टोपलीभोवती तेवढी लाल चौकट ठेवली, बाकीचं माजघर मोकळं केलं आणि काळी सोडली. काळी बॅटरीवर चालते, तिला विजेचं काय. घरघरत ती पांढरीला वळसा घालून चौकटीत शिरली. आणि तिथे, मोकळ्या लादीवर, तिने एक छोटा गोल घेतला. त्याला लागून दुसरा. खुर्चीच्या पायांभोवती फिरते ना, तशी.

मोबाइलच्या नकाशावर दोन ठिपके उमटले. शेजारी शेजारी. पावलं जवळ घेऊन कुणी उभं राहावं, तेवढ्या अंतरावर.

मी मनातल्या मनात आयतल कुर्सी, कुराणातली रक्षणाची आयत, म्हणायला सुरुवात केली. अर्ध्यावर अडकले, परत सुरू केली. काळी मागे आली, पुन्हा त्याच बाजूला गेली, आणि या वेळी ठिपके जरा पुढे होते. पुन्हा गेली, अजून पुढे. ठिपके टोपलीकडे चालले होते.

"दिसतंय का काही?" प्राप्तीने विचारलं. तिने डोळे घट्ट मिटून घेतले होते.

मी मोबाइल छातीशी धरला.

तिचा फोन वाजला. आम्ही दोघी किंचाळलोच. समुद्रावरून विनेश होता. शांततेत त्याचा आवाज मलाही ऐकू येत होता. "अगं, कावळा शिवत न्हाय. मगाधरनं बसलाव. समदं बोलून झालं. आयचं काय राहिलंय, तुला म्हायती हाय का?"

प्राप्तीने डोळे उघडले. माजघराकडे बघत, विनेशला नाही, त्या रिकाम्या चौकटीला ती हात जोडून म्हणाली, "आई, चुकलं माझं. मशीन आजच घराबाहेर जातायत. या घरात तुम्हाला कोणी बाजूला व्हायला सांगणार न्हाय."

फोनवर क्षणभर नुसता लाटांचा आवाज. मग गलका. "शिवला! शिवला गं!"

नकाशावर टोपलीच्या अगदी कडेला ते ठिपके होते. मी बघत असताना पुसले गेले. मशेरीचा वास गेला, वीज आली, पंखा फिरायला लागला. प्राप्ती मटकन खाली बसली आणि लहान मुलीसारखी रडली. "गेल्या... सुटल्या." मलाही रडू आलं. खरंच हायसं वाटलं होतं.

तेवढ्यात चौकटीपाशी थांबलेली पांढरी आपोआप वळली. मी मोबाइलला हात लावलेला नव्हता. सावकाश, भिंतीच्या कडेकडेने ती स्टँडवर जाऊन बसली आणि म्हणाली, "सफाई पूरी हुई." तिने काहीच साफ केलं नव्हतं. काहीतरी बिघाड असेल म्हणून मी तिची बॅटरी बंद केली, काळीही परत बोलावली.

मंडळी परत आली. हातपाय धुऊन सगळे माजघरात जमले. मी निघणार होते, पण प्राप्तीने माझा हात सोडला नाही, म्हणून मीही चौकटीशी उभी राहिले. विनेशने टोपली उचलली.

पीठ कोरं नव्हतं. त्यावर दोन पट्टे उमटले होते, एकमेकांना समांतर, हातभर लांब. टोपलीच्या आतच सुरू झालेले आणि आतच संपलेले. पट्ट्यांवर बारीक नक्षी, माशाच्या काट्यासारखी तिरपी.

"खवलं हायत ही," एक म्हातारे काका म्हणाले. "नाग हाय. जोडी हाय नागाची."

सगळ्यांनी हात जोडले. प्राप्तीच्या तोंडावर इतकं समाधान आलं की माझ्याने बघवेना. कारण ती नक्षी मला माहीत होती. दुकानात आलेल्या प्रत्येक पांढरीच्या चाकांतली वाळू मी जुन्या टूथब्रशने काढते. दोन चाकं, दोघांवर रबराचे तिरपे काटे. काळीच्या चाकांना सरळ रेघा आहेत.

टोपलीची कड जमिनीला टेकलेली होती. आत काही जायला वाटच नव्हती. मी वाकून स्टँडवरची पांढरी उचलली. तिच्या दोन्ही चाकांच्या खाचांत तांदळाचं पीठ होतं.

मी कुणाला काही बोलले नाही. काय बोलणार? ती बाई त्या दिवसापासून झोपायला लागली असेल, तिची झोप मी कशी मोडू? दोन्ही मशीन खोक्यात भरल्या, चिकटपट्टी लावली आणि निघाले. नारळ देऊन प्राप्तीने मला फाटकापर्यंत पोचवलं.

दुकान बंद झालं होतं, म्हणून दोन्ही खोकी मी घरी नेली. काळी दुसऱ्याच दिवशी विकली गेली. पांढरीबद्दल मालक म्हणाले, केरसुणीचा मार खाल्लेली आहे, कोण घेणार, तूच ठेव, बक्षीस समज. मी नको नको म्हटलं तर ते हसले. माझा नवरा हुझैफा कतारला असतो. घरात मी आणि माझी चार वर्षांची अलिना, दोघीच. रात्री फोनवर त्याला सांगितलं तर म्हणाला, फुकटची महाग मशीन मिळाली आणि रडतेस काय.

खोकं मी उघडलेलं नाही. चिकटपट्टी जशीच्या तशी आहे. पलंगाखाली ठेवलं होतं. संध्याकाळी कामावरून आले तर आतल्या खोलीच्या चौकटीत होतं. अलिनाने ओढलं असेल म्हणून माळ्यावर टाकलं. परत चौकटीत. आता मी ते हलवत नाही, ओलांडून जाते. घर मात्र हल्ली फार स्वच्छ असतं. मी झाडायच्या आधीच.

अलिनाला मी काहीच सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं वयही नाही तिचं. पण परवा मगरिबच्या वेळेला, दिवेलागणीला, ती हॉलमध्ये बाहुली घेऊन खेळत होती. खेळता खेळता उठली, फ्रॉक आवरून घेतला आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली. मोठं माणूस जायला निघालं की आपण वाट देतो, तशी. मान हळूहळू स्वयंपाकघराकडे वळवली, आणि मग पुन्हा खाली बसून खेळायला लागली.

"काय गं?" मी विचारलं.

"नानीला जायचं होतं," ती म्हणाली. अलिना नानी म्हणेल असं घरात कोणी नाही. माझी नानी तिच्या जन्माआधीच गेली. तिचा फोटोसुद्धा घरात नाही.

काल संध्याकाळी मी पोळ्या लाटत होते. पाठीमागून मशेरीचा वास आला. मी वळून पाहिलं नाही. लाटणं तसंच हातात धरून बाजूला झाले.