बाटलीच्या वाढदिवसाची रात्र

दिवा राहू द्या तसाच. सांगतो ती गोष्ट माझ्या साडूच्या गावातली, बावड्याच्या अलीकडची. जोतीराम अजून हयात आहे. पटत नसेल तर त्यालाच विचारा.

दोन हजार पंचवीस, मार्चची एकवीस तारीख, शुक्रवार. गावातली दारूबंदी उठून त्या दिवशी बरोबर वर्ष झालं होतं. तेवढ्यासाठी गड्यांनी कामाला सुट्टी दिली, मटण शिजवलं आणि नाव ठेवलं बाटलीचा वाढदिवस. रात्री व्हिस्की कमी पडली. दुकान कालव्यापलीकडं, आणि गल्ल्यावर बसायचा जोतीराम, म्हणजे किल्ली त्याच्याकडं. साडेअकराला मोटारसायकल काढून तो खोकं आणायला निघाला.

आता ही बंदी आणली होती कुणी? त्याच्याच थोरल्या बहिणीनं, भागूबाईनं. तिचा तरणा लेक दारूनं गेला होता. पुढं बंदी ठेवायची का उठवायची, यावर पुन्हा मतदान लागलं. ते फक्त बायकांचं असतं, गड्यांना त्यात मत नाही. लांबच्या वस्तीवरच्या चाळीस बायका आणायचं काम तिनं भावावर सोपवलं. यानं ट्रॉली भरली आणि ट्रॅक्टर कालव्याच्या पुलावर थांबवला. म्हणाला, डिझेल संपलं, बसा, आणतो. टाकी भरलेली होती. दारूच्या दुकानदारानं त्याला गल्ल्यावर बसवायचं कबूल केलं होतं ना!

मतदान शाळेत, पाचपर्यंत. शाळेच्या फाटकात भागूबाई तोवर रस्त्याकडं बघत उभी. बंदी गेली. आणि भावाला ती काय म्हणाली? "जोती, तुजा काय दोष? मशीनच हाय ते." केसानं गळा कापला म्हणतात, तो असा. दिवाळीच्या आधी ती गेली. खरं तिला कधी कळलं नाही, असं सगळे धरून चालले होते.

तर त्या रात्री पुलावर गाडी बंद पडली. बाराला दहा कमी. किक मारली... परत मारली... नाही.

कठड्यापाशी कुणीतरी उभं होतं. डोक्यावर पदर.

"जोती..."

आवाज ओळखला त्यानं. भागूबाईचा.

"बाया कुठं हायत रं?"

त्यानं परत किक मारली.

"पाच वाजत आलं..."

"अक्का, डिझेल..." मेलेल्या बहिणीपुढंही त्याच्या तोंडून तेच निघालं.

ती जवळ आली. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, असं तो नंतर म्हणाला. तिनं त्याचा डावा हात धरला. गार...

"मग तूच चल."

पुढचं त्याला आठवत नाही.

पहाटे गड्यांना तो शाळेच्या फाटकात बसलेला सापडला. गाडी पुलावरच. जास्त झाली असंल म्हणून ते हसले, पण त्यानं थेंबही घेतला नव्हता. घरी बायकोनं, म्हाळसानं, चहा हातात दिला, तेव्हा तिला दिसलं. डाव्या हाताच्या बोटावर, नखापासून खाली, मतदानाची शाई. अजून ओली.

वर्ष होऊन गेलं. ते नख किती वेळा वाढलं, किती वेळा कापलं. शाई आहे तिथंच आहे... मी बघितलीय.