दारामागचं रीडिंग

६१ टक्के

"आजीचा फोन सापडला. आजी नाही."

एवढं बोलून प्राची खुर्चीत बसली आणि तिनं तो फोन टेबलावर ठेवला. कापडी पिशवीतला, गळ्यात अडकवायच्या नाडीसकट.

दौलतनं स्वतःच्या मोबाइलवर वेळ पाहिली. पावणेपाच. बॅटरी एकसष्ट. हवालदार म्हणून निवृत्त झाल्यापासून तो संघमित्रा साळवेच्या गिरगावातल्या ऑफिसात बसायचा. गाडी चालवायची, दारं ठोठावायची, ठाण्यातल्या ओळखी काढायच्या, ही त्याची कामं. विचार करायचं खातं संघमित्राचं. गुप्तहेरगिरीत येण्याआधी ती बारा वर्षं मोबाइल टॉवरच्या देखभालीवर होती.

प्राची परळच्या एका इस्पितळात नर्स होती. सकाळी सातला डिलाईल रोडच्या चाळीतून निघाली तेव्हा सुभद्राआजी चहा पीत बसली होती. साडेनऊला फोन लावला तर आजी संपर्क क्षेत्राच्या बाहेर. मग दर अर्ध्या तासानं तेच. दुपारी एकला तिनं सगळ्यांना फोन केले. माहीमची सीमाकाकू बोलली, शेजारचा राहुल बोलला, आजीचा भाचा धोंडू लागलाच नाही. अखेर तीनच्या सुमारास आजीच्या फोनची रिंग वाजली आणि उचलला माहीमच्या किनाऱ्यावरच्या एका कोळणीनं. खडकावर पडला होता म्हणाली.

"पोलीस पाण्यात शोधतायत," प्राची म्हणाली. तिचा आवाज नर्सचा होता, सपाट. हात मात्र नातीचे होते. "उद्या अकराला चाळीच्या पुनर्विकासाचा सर्व्हे आहे. खोली आजीच्या नावावर. जो हजर असेल त्याचंच नाव यादीत चढणार."

संघमित्रानं फोन उघडला. बॅटरी अडतीस.

"सकाळी किती होती?"

"शंभर. मीच चार्जर काढला."

कॉलच्या यादीत प्राचीचा तीनचा कॉल सोडून काही नव्हतं. संघमित्रानं बॅटरीचं पान काढून दौलतपुढे धरलं. स्क्रीननं जवळपास काहीच खाल्लं नव्हतं. सगळ्यात लांब पट्टी 'मोबाइल नेटवर्क' या ओळीपुढे होती.

"कुणीतरी इंटरनेट चालवलं असणार," दौलत म्हणाला.

"डेटा बंद आहे, काका. चला, गाडी काढा."

५५ टक्के

वाटेत दौलतनं सिग्नलवर विनाकारण हॉर्न वाजवला. अकरा वर्षांपूर्वी लालबागेत एक दार त्यानं तासभर उशिरा उघडलं होतं. त्या दारामागे काय होतं, ते त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं. तेव्हापासून बंद दारापुढे उभं राहिलं की त्याच्या तळहाताला घाम सुटायचा.

आजीची खोली दहा बाय बारा, वर माळा. संघमित्रानं आधी भांडी पाहिली, मग चपला, मग दार लावून घेऊन त्याची मागची बाजू. तिथं खडूनं दोन रांगा होत्या. 'सकाळ ७ – १००. रात्र ९ – ८३.' खाली तसंच, दिवसामागून दिवस. ८४, ८३, ८२. आजच्या तारखेपुढे फक्त सकाळचा शंभर.

आजी गिरणीत सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात होती, प्राचीनं सांगितलं. पाळी सुरू होताना मीटरचं रीडिंग, पाळी सुटताना रीडिंग. गिरणी गेली, सवय राहिली. आता मोजायला दुसरं काही नाही म्हणून मोबाइल.

"पाण्यात बाई शोधतायत आणि आपण खडू वाचतोय," दौलत पुटपुटला.

"वाचू द्या. हेच सगळ्यात खरं बोलतंय."

४७ टक्के

तिघांना एकेक करून विचारलं.

राहुलचं लोअर परळला मोबाइल दुरुस्तीचं दुकान. गॅलरीतल्या कपाटावरून आजीशी त्याचं महिनाभर वाजलेलं. तरी तिचा फोन तोच बघायचा. पूर्वी रात्रीपर्यंत बॅटरी तिशीवर यायची, तो म्हणाला. चाळीत फाइव्ह-जी धड येत नाही, धड जात नाही, फोन सारखा इकडून तिकडे उड्या मारतो. म्हणून त्यानं तो फोर-जीवर बांधून टाकला. "आज अडतीस? मग कुणीतरी परत फाइव्ह-जी चालू केलं असेल."

संघमित्रानं सेटिंग उघडून त्याच्यासमोर धरलं. फोर-जी. राहुलनं ते स्वतः दोनदा तपासलं.

सीमाकाकू माहीमहून धावत आली होती. आजीची विधवा सून, खोलीत वाटा मागणारी. फोन तिच्या घरापासून चार मिनिटांवर सापडला, हे तिला चांगलं कळत होतं. "मी मारली म्हणायचंय का तुम्हाला? दोन वर्षं त्या माझ्या दारी आल्या नाहीत. समुद्र बघायला येतील?"

खोलीच्या माळ्यावर राहणारा धोंडू खाली उतरला. माझगावात बंद पडलेल्या एका बर्फखान्यावर तो रात्रपाळीचा वॉचमन. सकाळी आठला आलो, तो म्हणाला, दिवसभर माळ्यावर झोपलो. मावशी नऊला बाहेर पडताना अर्धवट झोपेत ऐकली. "सीमाकडे जातंय म्हणाली. माका काय म्हायत अशी जाईल?"

त्याचा मोबाइल माळ्यावर चार्जिंगला होता. वायर राहुलची, चारला घाईघाईनं मागून नेली, राहुल सहज म्हणाला.

"जुनी बॅटरी असेल," संघमित्रा म्हणाली.

"न्हय. तीन महिनेच झाले घेऊन. कामावरसून भरूनच आणलो होतो."

दौलत मनात सीमाकाकूवर शिक्का मारून बसला होता. संघमित्रा गॅलरीत जाऊन कुणाशी तरी फोनवर बोलली, परत आली आणि दार आतून लावलं.

४१ टक्के

"मला तीन मिनिटं लागतील," ती म्हणाली. "जास्त वेळ आजींकडे नाही."

ती दाराशीच उभी राहिली.

"फोन नुसता पडून असला तरी तो टॉवरशी बोलत असतो. टॉवर जवळ असला की हळू बोलतो, थोडं खातो. टॉवर सापडलाच नाही तर थांबत नाही. ओरडत राहतो, पुन्हा पुन्हा, पूर्ण ताकदीनं. रेंज नाही म्हणजे फोन झोपला, असं लोकांना वाटतं. तसं नसतं. तेव्हाच तो सगळ्यात जास्त जागा असतो."

तिनं दारामागच्या रांगांवर बोट ठेवलं. "हा फोन दिवसाला सतरा टक्के खातो. आज पाचच्या आत बासष्ट खाल्ले. कॉल नाही, स्क्रीन नाही, डेटा नाही, सेटिंग बदललेलं नाही. खाल्लं ते नेटवर्कनं. प्राचीनं केलेले फोन काय सांगतात? साडेनऊपासून संपर्क क्षेत्राच्या बाहेर. माहीमच्या किनाऱ्यावर भरपूर रेंज आहे. तिथला टॉवर मी स्वतः सांभाळलाय. म्हणजे आजी समुद्राकडे गेल्याच नाहीत. फोन पाच-सहा तास अशा जागी होता जिथं रेंज शिरतच नाही. मग कुणीतरी तो खडकावर नेऊन ठेवला."

"माझ्याच दाराशी?" सीमाकाकूनं विचारलं.

"एकला प्राचीनं तिघांना फोन केले. दोघे बोलले. तिसरा या माळ्यावर झोपला होता म्हणे, पण लागला नाही. इथं बसून माझा फोन चारही रेघा दाखवतोय. तीन महिन्यांचा फोन, सकाळी भरलेला, दिवसभर नुसता उशाशी. मग चारला उसनी वायर मागण्याइतका का रिकामा झाला? दोन फोन एकाच दिवशी, एकाच भुकेनं उपाशी राहिले, धोंडू. ते एकाच ठिकाणी होते. बर्फखान्याच्या भिंतींना आतून पत्रा असतो. त्यातून रेंज जात नाही." ती थांबली. "हवाही जात नाही. माझगावला पोलीस निघालेत. पण तिथं खोल्या किती?"

धोंडू माळ्याच्या शिडीला टेकला. "मारूक नव्हती," तो अखेर म्हणाला. "सर्व्हेचे कागद तिकडे सही करायचे म्हणून नेली. तिचा डोळा लागेपर्यंत बसलो, मग पिशवी काढून घेतली. यादीत माझा नाव चढला की उद्या दुपारी सोडणार होतो."

"कुठली खोली?"

"सात. तळघरात." त्यानं कमरेची किल्ली काढून दिली. दौलतनं ती अशी घेतली की धोंडू दचकला.

१९ टक्के

बर्फखान्याच्या जिन्यावर अंधार साचला होता. पोलीस वरच्या मजल्यावर कुलपं तोडत होते. दौलत मोबाइलचा टॉर्च लावून खाली उतरला. मोबाइलच्या कोपऱ्यात रेघांच्या जागी फुली आली होती. सव्वासहा. इथून हाक मारली तर ती कुणालाही ऐकू जाणार नव्हती, हे त्याला त्या फुलीनं सांगितलं.

पाच. सहा. सातच्या दाराला त्यानं कान लावला.

काही नाही.

त्याचा तळहात ओला झाला. किल्ली सटकली, पायरीवर खणखणली. त्याला लालबागचं दार दिसलं, तो वास आला. पाठीमागून संघमित्रा शांतपणे म्हणाली, "काका, किल्ली उचला."

आतून तीन ठोके आले. अगदी हलके. मग थांबून पुन्हा तीन.

दार उघडल्यावर कोंदट, खारट हवा अंगावर आली. गोणपाटाच्या ढिगाला टेकून आजी बसली होती, ओठ निळसर, हातात विटेचा तुकडा. दौलतनं तिला उचललं. दाराच्या आतल्या पत्र्यावर टॉर्चचा झोत पडला. तिथं विटेनं ओढलेल्या रेघा होत्या, पाच-पाचचे गठ्ठे करून. किती वेळा ठोकलं त्याची नोंद.

"दोनशे दहा," ती त्याच्या खांद्यावर पुटपुटली. "पाळी सुटली का?"

"सुटली, आजी," दौलत म्हणाला. तो तिला घेऊन पायऱ्या चढू लागला.

१०० टक्के

सकाळी अकराला सर्व्हेचा माणूस आला तेव्हा सुभद्राआजी खुर्चीत होती, इस्पितळाचा पट्टा अजून मनगटाला. नाव विचारल्यावर तिनं ते गिरणीतल्या हजेरीसारखं खणखणीत सांगितलं. यादीत चढलं.

माणूस गेल्यावर तिनं खडू मागितला. कालच्या तारखेपुढे रात्रीची जागा रिकामी होती. फोन पुरावा म्हणून ठाण्यात. प्राची म्हणाली, आजी, कालचं सोडून दे, नाहीतर नेहमीसारखं त्र्याऐंशी टाक.

"मोजलं ते लिहायचं," आजी म्हणाली. तिनं संघमित्राकडे पाहिलं. "किती होतं गो शेवटी?"

"अडतीस."

आजीनं दार ओढून घेतलं आणि लिहिलं. 'रात्र – ३८.' मग कडी न लावता दार पुन्हा सताड उघडून ठेवलं.